व्हिज्युअल फॉक्सप्रो ९: प्रोग्रॅम राहू द्या, डेटा हलवा

नागपूरच्या इतवारी, गांधीबाग, कळमना इथल्या ज्या पेढ्यांचं बिलिंग, अडतपट्टी आणि उधारीचं खातं अजून व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा आणि डेटाबेस) आहे, त्यांना नवा कॉम्प्युटर घेताना हमखास ऐकावं लागतं की आता हे फेका. आमचं मत वेगळं आहे. भाषा अजून कामाची आहे. धोका डेटा ठेवण्याच्या पद्धतीत आहे.

ही आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली, शेवटचा सर्व्हिस पॅक २००७ मध्ये निघाला आणि १३ जानेवारी २०१५ ला मायक्रोसॉफ्टने सपोर्ट पूर्ण थांबवला. म्हणजे आता कंपनीकडून दुरुस्ती येणार नाही. तरी ३२-बिट असल्यामुळे प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालतो. फक्त तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरात डेटासकट टाकू नका. तिथे विंडोज लिहू देत नाही, नोंदी त्या त्या युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये जातात आणि एकाच मशीनवर दोन लॉगिनला दोन वेगळे स्टॉक दिसतात. डॉसवरचा फॉक्सप्रो २.६ मात्र ६४-बिट विंडोजवर थेट उघडतच नाही. तो अजून वापरात असेल तर बदलाची तयारी आजच सुरू करा.

आता दुखणं. फॉक्सप्रोला डेटा सांभाळणारा वेगळा डेटाबेस सर्व्हर नसतो. प्रत्येक काउंटरचं मशीन शेअर केलेल्या फोल्डरातली डीबीएफ (टेबलाची) फाइल स्वतः उघडून तिच्यात लिहितं. एक बिल सेव्ह होताना नोंद, हेडरमधली नोंदसंख्या, सीडीएक्स इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) आणि मेमोची, म्हणजे लांब मजकुराची, एफपीटी फाइल असं चार ठिकाणी लिहिलं जातं. मध्येच लाइट गेली किंवा वायफाय तुटलं, तर काही लिहिलं जातं, काही राहतं. मग टेबल उघडताना २०९१ नंबरची एरर येते. म्हणून बिलिंगला केबलच हवी, आणि यूपीएस शेअर फोल्डरचं मशीन व काउंटर यांच्याबरोबर नेटवर्क स्विचलाही हवा. स्विचचा यूपीएस बहुतेक ठिकाणी विसरलेला असतो.

फाइल बिघडण्याचं दुसरं कारण म्हणजे विंडोज शेअरवरची फाइल काउंटरवर कॅश करून ठेवतं. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत पॉवरशेलमधून त्या शेअरचा ‘लीजिंग मोड’ ‘नन’ करून ही कॅश बंद करता येते. वेग थोडा कमी होतो, पण इंडेक्स तुटणं कमी होतं. अँटिव्हायरसच्या लाइव्ह स्कॅनमधून डेटाचं फोल्डर वगळा. बॅकअप सगळे काउंटर बंद झाल्यावरच घ्या, कारण चालू फाइलींची कॉपी घेतली तर डीबीएफ आणि सीडीएक्स एकमेकांशी जुळत नाहीत.

टेबल बिघडलंच तर आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी. मग ‘सेट टेबलव्हॅलिडेट टू ०’ देऊन (उघडतानाची तपासणी बंद होते) टेबल एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्याने, उघडा आणि ‘कॉपी टू’ने नव्या टेबलात उतरवा. नुसत्या ‘रीइंडेक्स’वर विसंबू नका. तो सीडीएक्सच्या हेडरमधली माहिती वापरूनच इंडेक्स बांधतो, त्यामुळे हेडरच बिघडलं असेल तर चूक तशीच राहते. ‘डिलीट टॅग ऑल’ करून सगळे टॅग (प्रत्येक इंडेक्स) नव्याने बनवा.

प्रत्येक फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. डीबीएफबरोबर एफपीटीवरही लक्ष ठेवा. दीड जीबी झाली की जुनी वर्षं वेगळ्या फोल्डरात काढा.

सुरक्षिततेत आम्ही फॉक्सप्रोला सरळ कमी गुण देतो. डीबीएफला पासवर्ड नाही. काउंटरवरच्या माणसाला शेअरवर लिहिण्याचा हक्क द्यावाच लागतो, म्हणजे पेनड्राइव्हवर पूर्ण उधारीखातं नेऊन तो लिब्रेऑफिसमध्ये उघडू शकतो. एका काउंटरवर रॅन्समवेअर आलं तर तेच फोल्डर लॉक होतं. बुटीबोरीच्या गोदामातून काम करायचं असेल तर इंटरनेटवरून डीबीएफ उघडू नका, व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉप वापरा.

जीएसटीचं अडत नाही. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसची जेसन फाइल फॉक्सप्रोतून बनवून पोर्टलवर एकत्र चढवता येते. मराठी नावांची खरी अडचण आहे, कारण फॉक्सप्रोत युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची पद्धत) नाही.

म्हणून सल्ला असा: स्क्रीन आणि रिपोर्ट फॉक्सप्रोतच ठेवा, डेटा पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये न्या. आधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून पीजेएक्स प्रोजेक्ट फाइल आणि पूर्ण सोर्स कोड घ्या. नुसती ईएक्सई (चालवायची तयार फाइल) हातात असेल तर कामाला हात लावू नका. फॉक्सप्रोला नव्या डेटाबेसशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर ३२-बिटच लागतो. कोडमध्ये ‘सीक’ आणि ‘स्कॅन’ने पूर्ण टेबल चाळलेलं असेल, तिथे हव्या त्याच नोंदी मागवणारी क्वेरी लिहावी लागते. खर्चाचा मोठा भाग हाच, कोटेशन मागताना वेगळा विचारा. क्वेरीत युजरने टाइप केलेला मजकूर जोडू नका, प्रश्नचिन्हाचा पॅरामीटर द्या.

नेताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. रिकामी तारीख एसक्यूएल सर्व्हरमध्ये ३० डिसेंबर १८९९ होऊन बसते. ती ‘नल’ (मूल्यच नाही अशी) करा. आणि फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद ‘पॅक’ (कायमचं पुसणं) होईपर्यंत फाइलमध्येच असते. ‘सेट डिलीटेड ऑन’ न करता डेटा नेला, तर रद्द केलेली बिलं पुन्हा जिवंत होतात आणि उधारी वाढलेली दिसते. डेटा नेल्यावर दोन्हीकडची प्रत्येक ग्राहकाची बाकी जुळवून पाहा आणि मगच जुनं फोल्डर बंद करा.