कोल्हापुरी पायताण घेताना: चामडं, शिलाई आणि शिवणारे हात

कोल्हापुरी चप्पल हातात आली की आधी उलटी करून बघा. वरची वेणी, गोंडा, रंगीत पट्टी याकडे कुणाचंही लक्ष जातं आणि दुकानातही तीच बाजू पुढे केली जाते. जोडी किती वर्षं चालणार हे मात्र तळ आणि कड सांगतात. अस्सल जोडीच्या कडेला चामड्याचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. तळाला शिलाईचे टाके दिसतात आणि जुन्या रीतीच्या जोडीत तो दोराही चामड्याचीच बारीक वादी असते. खिळा कुठेच नसतो. दोन्ही बाजूंचे 'कान', म्हणजे पट्टा ज्यांना धरून राहतो ते तुकडे, वरच्या आणि खालच्या थरांच्या मध्ये घालून शिवलेले असतात. कान नुसता डिंकानं चिकटवलेला असेल तर पहिल्या मोठ्या चालण्यात तो निसटतो, आणि एकदा निसटला की दुरुस्ती कधीच पहिल्यासारखी बसत नाही.

दुकानात उभ्याउभ्या करता येतील अशा आणखी काही परीक्षा आहेत. चप्पल नाकाजवळ धरा. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याला मातकट, सालीसारखा वास येतो. डोक्यात जाणारा रासायनिक वास आला तर आत भरपूर सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा रासायनिक गोंद आहे, किंवा चामडं सालीऐवजी क्रोमनं (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं आहे असं समजा. तळाच्या कोपऱ्यावर बोट ओलं करून टेकवा. सालीतलं चामडं पाणी हळूहळू पितं आणि तेवढा डाग गडद होतो. रेक्झिनवर पाणी तसंच राहतं. चप्पल पुढच्या भागात थोडी वाकवून सोडा. चांगला तळ कडक असतो, पण वाकतो आणि परत येतो. वाकवल्यावर कडेचे थर फाकले, तर मधे चामड्याऐवजी पुठ्ठा भरलेला असण्याची शक्यता मोठी. 'प्युअर लेदर' असा शिक्का मारलेल्या कितीतरी जोड्यांत चामडं फक्त वरच्या थराला असतं. ऑनलाइन घेणाऱ्यांनी म्हणून कडेचा आणि तळाचा जवळून काढलेला फोटो मागवून घ्यावा. तो देत नसतील तर ती जोडी सोडून द्यावी.

हे चामडं असं का, ते समजून घेतलं की किमतीचाही उलगडा होतो. कच्चं कातडं धुऊन भिजवतात, चुन्याच्या हौदात ठेवून केस सुटे करतात, आतल्या बाजूचं मांस खरवडून काढतात आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. तळासाठी लागणाऱ्या जाड कातड्याची जुनी रीत आणखी कष्टाची. कातडं शिवून त्याची पिशवीच करायची, ती टांगायची आणि आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत राहतं. मग पिशवी उलटी टांगून पुन्हा भरायची, म्हणजे शिवणीजवळचा भागही कच्चा राहत नाही. या सगळ्याला आठवडे लागतात. क्रोमचं काम त्या मानानं फार लवकर उरकतं, म्हणून ते स्वस्त पडतं. पण क्रोमचं चामडं मऊ आणि लवचिक असतं, तळाला लागणारा ताठपणा त्यात येत नाही, कड घासून चकचकीत होत नाही आणि उन्हाळ्यात पायाखाली घाम धरतं. सालीतला तळ घाम पितो आणि हळूहळू पायाचा आकार घेतो. कोल्हापुरीचं जे काही कौतुक आहे ते या एका गुणाचं आहे.

आता या कामाची वाटणी पाहा. कातडं कमावणं परंपरेनं ढोर समाजाकडे, चप्पल शिवणं चर्मकार समाजाकडे. कोण काय करणार हे जन्मानं ठरलेलं होतं आणि आजही कोल्हापुरातल्या सुभाषनगर, जवाहरनगरात, कागल तालुक्यातल्या कापशीत किंवा सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या अथणीत रापी (चामडं कापायचं हत्यार) आणि आरी (भोक पाडून शिवायचं हत्यार) हातात धरणारे बहुतेक जण त्याच घरांतले आहेत. रापीनं जाड चामडं एका दमात, कड न तुटता कापणं हे लहानपणापासून शेजारी बसूनच हातात येतं. त्यामुळे कसब घरात टिकलं, हे खरं. पण ज्या समाजरचनेनं हे कसब टिकवलं, तिनंच ते करणाऱ्याला गावाच्या कडेला ठेवलं. घरातला मुलगा शिकला की आई-बापांनाच वाटतं, यानं चामड्याला हात लावू नये. कारण कामाचं नाव सांगितलं की जात कळते, आणि जात कळली की भाड्याच्या खोलीपासून हॉटेलातल्या वागणुकीपर्यंत बरंच काही बदलतं. पैसे कमी मिळतात एवढ्यावरच हे थांबत नाही. तेवढेच पैसे मिळाले तरी पोरगा कंपनीतली नोकरी धरतो, ती या कारणानं. 'तरुणांना कलेची आवड राहिली नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलाची हकिकत त्या मानानं कमी सांगितली जाते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसानं हॉटेल काढलं तर तिथे चहा प्यायला कोण जाणार? महाराज स्वतः तिथे थांबून चहा पीत. भांडवल, जागा, कसब सगळं असूनही गिऱ्हाईक पायरी चढत नसेल तर धंदा उभा राहत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. चपलेच्या बाबतीत गिऱ्हाईक येतं, पण ते शिवणाऱ्याच्या दारापर्यंत क्वचित पोचतं. ते दुकानाशी थांबतं.

दुकान आणि कारागीर यांच्यामध्ये 'उचल' असते. व्यापारी चामडं देतो, हातखर्चाला आगाऊ रक्कम देतो, आणि तयार जोड्या ठरलेल्या दरानं उचलतो. पावसाळ्यात कातडं आणि शिवलेला माल वाळत नाही, विक्रीही मंदावते. त्या तीन-चार महिन्यांत उचल वाढते. मग दिवाळी आणि लग्नसराईत, ज्या काळात भाव मिळायला हवा, नेमका त्याच काळात कारागीर जुनी उचल फेडत बसतो. स्वतःचं दुकान काढायचं तर बँक तारण मागते, राहतं घर बऱ्याचदा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं आणि खात्यावर उलाढाल दिसत नाही, कारण सगळा व्यवहार रोखीत आणि व्यापाऱ्याच्या वहीत झालेला असतो. त्यात 2015 साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं कातडं चालतं, तरी वाहतुकीत अडवणूक होईल या भीतीनं कच्चा माल महागला आणि अनेकांनी परराज्यातून आयतं चामडं आणायला सुरुवात केली. काही घरांनी कमावण्याचे हौद बंद केले. ते पुन्हा सुरू करणं अवघड आहे, कारण ते काम करणारे हात दुसरीकडे गेले.

या साखळीत सर्वांत कमी मोजला जातो तो बायकांचा वाटा. पट्ट्यावरची बारीक वेणी, तिच्यासाठी चामड्याच्या एकसारख्या रुंदीच्या दोऱ्या काढणं, भोकं पाडून त्यातून त्या ओवणं, गोंडे करणं, कित्येक घरांत तळाची शिलाईसुद्धा बायकाच करतात, तीही स्वयंपाक-पाणी उरकून. वेणीची किंमत जोडीच्या किमतीत सरळ दिसते: साधी जोडी आज हजाराच्या आसपास मिळते, बारीक वेणीची दोन-तीन हजारांवर जाते. पण मजुरी जोडीवर, म्हणजे घरातल्या पुरुषाच्या हातात मिळते. वेणी किती तासांची, हे कुठे लिहिलंच जात नाही. अथणीत बायकांच्या बचत गटांतून 'टोहोल्ड' हे नाव उभं राहिलं, ते या दृष्टीनं मोलाचं. काम तेच, घर तेच. फरक एवढाच की हिशेब बायकांच्या खात्यावर आला.

भौगोलिक मानांकनाचा म्हणजे जीआयचा उपयोग गिऱ्हाइकाला किती, हेही पाहू. 2018-19 मध्ये मिळालेलं हे मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्राकडून संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाकडून तिथलं चर्मोद्योग महामंडळ त्याचे धारक आहेत. त्यामुळे 'अथणीची म्हणजे डुप्लिकेट' हा समज सोडून द्या. तिथली शिलाई कोल्हापूरच्या तोडीस तोड असते. आता काही जोड्यांवर क्यूआर कोड येतो. तो स्कॅन केला की कारागीर कोण, माल कुठला, पद्धत कोणती हे दिसतं. ही सोय चांगली आहे, मागून घ्या. मात्र शिवणाऱ्याला जोडीमागे किती मिळाले, हे त्या कोडातून कळत नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं थेट याच घडणीची चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नाव न घेता, आणि गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. त्यानंतर मागणी आणि चौकशा वाढल्या. पण घडणीवर मालकी सांगता येते ती नावापुरती. दर ठरवण्याची ताकद येते ती स्वतःच्या दुकानातून आणि स्वतःच्या बिलबुकातून.

म्हणून खरेदीचा पहिला सल्ला हा: ज्या दुकानात शिवणारं घर आणि विकणारं घर एकच आहे तिथून घ्या. कोल्हापुरात अशी दुकानं आहेत आणि ओळखायला सोपी आहेत. 'ही कुणी शिवली?' एवढं विचारा. घरचाच माल असेल तर लगेच उत्तर मिळतं, कान कसा बसवला तेही दाखवतात आणि अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची पट्टी, सैल-घट्ट करून लगेच देतात. उत्तर देता आलं नाही तर माल ठोकात आलेला आहे. वाईटच असेल असं नाही, पण दुरुस्तीला तिथे कुणी नसेल.

मापाचं बोलायचं तर चप्पल किंचित घट्ट घ्या. आठ-दहा दिवसांत पट्टा आणि अंगठा सैल होतात. सुरुवातीलाच आरामात बसणारी जोडी महिन्याभरात फटफटते. टाच मागे लोंबता कामा नये. पहिले तीन दिवस घरातच, अर्धा-एक तास घाला. आदल्या रात्री पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला एरंडेल किंवा खोबरेल बोटानं चोळा, दोन-तीन थेंब पुरतात. तळाला तेल लावू नका. तळ तेलानं फुगला की थर सुटायला लागतात आणि धूळ कायमची बसते. पहिले काही दिवस पायाला रंग लागतो, पांढऱ्या पायजम्यासोबत नवी जोडी घालू नका.

पावसात ही चप्पल घालायचीच नाही, यात तडजोड नाही. पाणी शिरलं की थर फुगतात, वादीची शिलाई सैल पडते आणि नंतर कुजते. भिजलीच तर आत कागद कोंबून सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेली जोडी तडकते. पावसाळ्यात ठेवून द्यायची तर कापडी पिशवीत. प्लास्टिकमध्ये आठवड्यात बुरशी येते. गुळगुळीत फरशीवर नवा तळ घसरतो, म्हणून काही जण रबर लावून घेतात. पातळ रबर चिकटवून घ्यायला हरकत नाही, पण खिळे मारू देऊ नका, त्यानं शिलाईच तुटते. टाचेची बाहेरची कड सर्वांत आधी झिजते. टाके जमिनीला टेकण्याआधी तिथे चामड्याचा तुकडा बसवून घेतला तर जोडी तीन-चार वर्षं सहज चालते. उशीर केला की सगळा तळ उसवतो.

शक्य असेल तर मापानं शिवून घ्या. कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेखा काढायची, बसून काढली तर पाय लहान येतो. अंगठ्याचा आणि पायाच्या वरच्या उंचवट्याचा घेर दोऱ्यानं मोजून द्यायचा, तळ किती थरांचा हवा आणि वेणी हवी की साधा पट्टा हे स्पष्ट सांगायचं. घासाघीस करायची असेल तर ती दुकानाच्या भाड्यावरून ठरलेल्या किमतीवर करा, शिवणाऱ्याच्या घरी नको. आगाऊ रक्कम द्या, कारण तेवढ्यानं त्या जोडीचं चामडं त्याला उचल न घेता आणता येतं. आणि ऑर्डर मार्च-एप्रिलच्या आत टाका. जून उजाडला की शिवलेला तळ वाळायलाच पंधरा दिवस जातात.