रास्पा: कार्बन डायऑक्साइडच्या अधिशोषणाची गणना करणारे मोफत सॉफ्टवेअर

कारखान्यांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड छिद्रांच्या पृष्ठभागावर धरून ठेवणारे, म्हणजे त्याचे अधिशोषण करणारे सच्छिद्र पदार्थ प्रयोगशाळेत बनवण्याआधी संगणकावर पारखून घ्यायचे असतील, तर मी सर्वप्रथम रास्पाचेच नाव सुचवेन. डबेलडॅम, कालेरो, एलिस आणि स्नर यांनी या सॉफ्टवेअरची सविस्तर ओळख २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात करून दिली आहे. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा स्रोतही खुला आहे.

काम चालते ते माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक प्रयत्न पुन्हा पुन्हा करून सरासरी काढण्याच्या पद्धतीने. तापमान आणि दाब ठरवून दिले की पदार्थाच्या छिद्रांत वायूचे रेणू टाकणे, काढणे, सरकवणे आणि फिरवणे असे प्रयत्न लाखो वेळा केले जातात, आणि आत टिकलेल्या रेणूंच्या सरासरीवरून दर किलो पदार्थामागे किती मोल वायू धरला गेला हे कळते. इनपुट फाइल छोटी आणि वाचण्याजोगी असते. मात्र दाब पास्कलमध्ये द्यावा लागतो आणि युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ घटक) प्रत्येक दिशेने कटऑफच्या (ज्या अंतरापलीकडे अणूंमधील बल थेट मोजत नाहीत त्या अंतराच्या) किमान दुप्पट भरेल इतक्या वेळा जोडून घ्यावा लागतो, हे नवख्याने आधीच जाणून घ्यावे.

माझा खरा आक्षेप विद्युत प्रभारांबाबत आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू एकूण उदासीन असला तरी ट्रॅपे या रेणूंच्या प्रचलित प्रारूपात कार्बनवर +०.७० आणि प्रत्येक ऑक्सिजनवर −०.३५ प्रभार असतो, त्यामुळे सच्छिद्र पदार्थाच्या चौकटीतील अणूंचे प्रभार चुकले की उत्तरही चुकते. दुसऱ्या आवृत्तीत हे प्रभार स्फटिकाची रचना नोंदवणाऱ्या सीआयएफ फाइलमधून घ्यावेत असे एका ओळीत स्पष्ट सांगावे लागते. ती ओळ राहिली तरी गणना न थांबता पूर्ण होते आणि हाती येणारा आलेख दिसायला निर्दोष असतो. इतक्या महत्त्वाच्या जागी ठळक इशारा हवाच.

मॅग्नेशियमच्या एमओएफ-७४ (धातू आणि सेंद्रिय दुव्यांनी बनलेली सच्छिद्र चौकट) सारख्या पदार्थांत धातूचे अणू उघडे असतात आणि कार्बन डायऑक्साइडला जोराने खेचतात. तेथे सर्वसाधारण फोर्स फील्ड (अणूंमधील बलांची ठरावीक सूत्रे व आकडे) वापरले तर कमी दाबावरचे अधिशोषण वास्तवापेक्षा कमी येते. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, परंतु अशा पदार्थांसाठी क्वांटम गणनेतून बेतलेले फोर्स फील्डच घ्यावे. काही पदार्थांत असणाऱ्या नायट्रोजनयुक्त अमाइन गटांशी होणारा रासायनिक बंध तर या नेहमीच्या पद्धतीच्या कक्षेबाहेरच राहतो.

दुसरी आवृत्ती एका गणनेसाठी प्रोसेसरचा एकच कोअर वापरते, पण प्रत्येक दाबाची गणना स्वतंत्र असल्याने त्या एकाच वेळी वेगवेगळ्या कोअरवर लावता येतात आणि साध्या डेस्कटॉपवरही पूर्ण आयसोथर्म (स्थिर तापमानाला दाबानुसार अधिशोषण दाखवणारा आलेख) मिळतो, ही महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी मोठीच सोय आहे. सी++ मध्ये नव्याने लिहिलेली तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये सादर झाली असून नवे काम तिच्यावरच सुरू करावे.

धुरात बाष्पही असते. पाण्याचे रेणू आत टाकण्याचे प्रयत्न फार क्वचित यशस्वी होतात, म्हणून रेणू टप्प्याटप्प्याने आत उतरवणारी जी पद्धत रास्पात आहे तीच अशा वेळी निवडावी आणि गणनेतील प्रयत्नांच्या चक्रांची संख्या सढळ ठेवावी.