मोल्सवर्थचा ऑनलाइन कोश : ‘उतरणे’वर घासून पाहिला

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) फुकट मिळतो. कोश पारखायचा तर ‘उतरणे’सारखा साधा शब्द घ्यावा. शीर्षशब्द जुन्या वळणाने ‘उतरणें’, अनुस्वारासह आहे. शोधताना तेही रूप टाकून बघा.

जुने साहित्य वाचणाऱ्याला हा कोश लागतोच. ‘वाड्यात उतरले’ म्हणजे मुक्कामाला राहिले, ‘नदी उतरले’ म्हणजे पार गेले. ‘उतार’, ‘उतारा’, ‘उतारू’ याच कुळातले. त्यात ‘उतारा’ हा भलताच बहुरूपी: विषावरचा, पुस्तकातला, सातबाराचा आणि तिठ्यावर ठेवलेला.

रोजच्या बोलण्यासाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. मराठी शिकणारा हमखास चुकतो तो विभक्तीत. बसमधून, घोड्यावरून उतरतात; पण पाण्यात, मैदानात उतरणे म्हणजे आत शिरणे. ताप, सूज, नशा उतरली की बरे वाटते. चेहरा उतरला की नाही. माणूस मनातून उतरतो आणि पसंतीलाही उतरतो, म्हणजे खाली जाण्याचा संबंधच सुटला! हापूस ‘उतरलेला’ असेल तर घेऊ नका, जास्त पिकून चव गेलेली असते. दृष्ट काढणे, विमा काढणे, कढई खाली घेणे, तिन्हीला ‘उतरवणे’ चालते.

कोशातले अर्थ इंग्रजीत असल्याने इंग्रजी न येणाऱ्याला तो निरुपयोगी. फोनवर गाणे ‘उतरवून घेणे’ १८५७च्या कोशात शोधू नये, हे ओघाने आलेच.