काळ्या दाढीचं शेवाळ: पेरॉक्साइड की ब्लीच?

माशांच्या टाकीतल्या अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडेला काळी दाढी फुटली की हे दोन उपाय समोर येतात.

हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी झाड टाकीतून काढावं लागत नाही. औषध दुकानात बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून 3 टक्क्यांचं करा. फिल्टर बंद ठेवून सिरिंजने थेट शेवाळावर सोडा, टाकीतल्या दर 4 लिटर पाण्याला एकूण 1 ते 1.5 मिली, बस्स. 10-15 मिनिटांनी फिल्टर सुरू करा. दाढी दोन-तीन दिवसांत गुलाबी, मग पांढरी पडते. मॉस आणि व्हॅलिसनेरिया ही टाकीतली झाडं मात्र यात करपतात, कोळंबीही मात्रा चुकली तर दगावते.

ब्लीचसाठी झाड बाहेर काढायलाच हवं. बिनसुगंधी ब्लीच 1 भाग, पाणी 19 भाग. अनुबियास, जावा फर्न दोन मिनिटं. नाजूक देठाच्या झाडांच्या वाटेला जाऊच नका. नंतर खळखळून धुवा, दुप्पट अँटिक्लोरिनच्या (क्लोरीन घालवणाऱ्या द्रवाच्या) पाण्यात ठेवा. क्लोरीनचा वास उरला तर टाकीत घालू नका. दोन्ही रसायनं कधीच एकत्र करू नका.

दगडाला घट्ट चिकटलेल्या झाडाला पेरॉक्साइडच बरं. नवं, शेवाळलेलं झाड टाकीत जाण्याआधी ब्लीच.