सासूबाईंच्या ग्रीन कार्डसाठी केलेला वकील, ५ पैकी ४ स्टार

आधी निकाल सांगते मग सगळं सविस्तर लिहिते. आई (माझ्या सासूबाई) आता आमच्याकडे न्यू जर्सीत आहेत, ग्रीन कार्ड हातात आहे, आणि हे काम ज्या ऑफिसने केलं त्यांना मी ४ स्टार देतेय. एक का कापला ते पुढे येईलच. पण कोणी विचारलं वकील करावा का, तर माझं उत्तर असं की फॉर्म भरायला वकील लागत नाही हो, फॉर्म आपले आपल्याला भरता येतात. आम्हाला वकील लागला तो आईंच्या दोन नावांसाठी, आणि तेवढ्यासाठी दिलेला प्रत्येक डॉलर वसूल झाला.

सासरे २०२२ ला गेले. आई साताऱ्याला एकट्या. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि त्या प्रत्येक वेळी दिवे लावून बसलेल्या असायच्या, सगळ्या खोल्यांतले, म्हणायच्या अंधार झाला की घर मोठं वाटतं. तेव्हाच ठरवलं की आता व्हिजिटर व्हिसावर सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्या नकोत, कायमचं काय ते करूया.

त्या वेळी मी सिटिझन होते आणि नवरा अजून ग्रीन कार्डवर. आम्ही आधी एका कन्सल्टंटकडे गेलो, नाव लिहीत नाही. तो म्हणाला तुम्ही सिटिझन आहात ना मग तुम्हीच करा फाइल, सून म्हणजे मुलगीच की. ऐकायला किती छान वाटलं! २०० डॉलर घेतले, कागदांची लांबलचक यादी दिली आणि महिन्याभरात फाइल टाकू म्हणाला. नशीब की टाकायच्या आधी एका मैत्रिणीने ह्या ऑफिसचा नंबर दिला.

पहिला कॉल वीस-पंचवीस मिनिटांचा, फुकट. वकीलबाईंनी पाचव्या मिनिटाला सांगितलं की सासू-सासऱ्यांसाठी इथल्या कायद्यात कॅटेगरीच नाही. आईवडिलांच्या बाबतीत सिटिझन माणूस फक्त स्वतःच्याच आईवडिलांसाठी आय-१३० (नातेवाइकाला आणण्यासाठीचा पहिला अर्ज) भरू शकतो, त्याचं वय २१ पूर्ण पाहिजे, आणि ग्रीन कार्डवाल्याला तर आईवडिलांसाठी भरताच येत नाही. म्हणजे माझा पासपोर्ट असून उपयोग शून्य, आईंसाठी मुलानेच सिटिझन व्हायला हवं. मी भरला असता तर अर्ज नाकारला गेला असता आणि फी परत मिळत नाही. त्या म्हणाल्या नवऱ्याची सिटिझनशिपची ओथ (शपथ) होऊ दे मग या, आत्ता तुमच्याकडून घेण्यासारखं माझ्याकडे काही काम नाही. खरं सांगते, आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारं ऑफिस मी पहिल्यांदा बघितलं आणि तिथेच मनात पक्कं झालं की काम ह्यांच्याकडेच द्यायचं.

अजून एक गोष्ट त्यांनी ठामपणे नाकारली. ओळखीतले बरेच जण सांगत होते की व्हिसा आहेच ना त्यांच्याकडे, फिरायला म्हणून आणा आणि इथेच फाइल टाका, सगळे करतात. वकीलबाई म्हणाल्या की राहायचंच मनात धरून व्हिजिटर व्हिसावर आत येणं म्हणजे ऑफिसरशी खोटं बोलणं, मी त्यात नाही. आम्हालाही आईंना विमानतळावर खोटं बोलायला लावायचं नव्हतंच, सत्तरीच्या बाईला काय ते शिकवायचं.

नवऱ्याची ओथ २०२४ च्या जानेवारीत झाली, एप्रिलमध्ये आय-१३० ऑनलाइन टाकला. ऑनलाइनची फी ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. आईवडील इमिजिएट रिलेटिव्हमध्ये येतात त्यामुळे भावंडांसारखी वर्षानुवर्षांची रांग नसते, फक्त प्रोसेसिंगला लागेल तो वेळ. पण एका अर्जात एकच माणूस. सासरे असते तर त्यांचा आय-१३० वेगळा भरावा लागला असता, आणि माझा धाकटा दीर आईंच्या फाइलवर येऊ शकत नाही हेही तेव्हाच कळलं.

आता नावांचं. आईंचं माहेरचं नाव गंगू. १९७४ ला लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून माझ्या सासऱ्यांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, सुमती. त्या दिवसापासून त्या सुमती. पासपोर्ट सुमती, रेशन कार्ड सुमती, नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सुमती. आणि त्यांचा स्वतःचा जन्म सिद्ध करणारा एकुलता एक कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर गंगू. गॅझेट वगैरे कोण करत होतं तेव्हा, लग्नाची नोंदणीसुद्धा केलेली नाही. म्हणजे कागदावर दोन वेगळ्या बायका! ह्यात माझ्या नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर त्याच्याच नावाची जागा कोरी, कारण नोंद बारशाच्या आधी झाली, ते नाव नगरपालिकेत अर्ज करून घालून घ्यावं लागलं ते वेगळंच.

वकीलबाई अमेरिकन. त्यांना आडनाव बदलतं हे माहीत होतं पण पहिलं नावसुद्धा बदलतं हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. मी कॉलवर तांदळाचं सांगितलं तर त्या लिहूनच घ्यायला लागल्या, अंगठी कोण धरतं, नाव कोण ठरवतं, मग सगळ्यांना सांगतात का. मला वाटलं कुतूहल म्हणून विचारतायत. दोन दिवसांनी त्यांनी एक पानाचं पत्र तयार करून पाठवलं, त्यात हा रिवाज साध्या भाषेत, कुठला कागद कुठल्या नावाचा आणि तो पुढच्या कागदाला कसा जोडला जातो अशी सगळी साखळी. ते पत्र वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं कारण आईंचं अख्खं आयुष्य त्या एका पानात होतं, गंगूपासून सुमतीपर्यंत.

त्यांनी मागितलेले कागद असे. जन्माची नोंद आढळत नाही असा दाखला, तो धाकट्या दिराने तीन खेपा घालून आणला. मग शाळेचा दाखला. हेडमास्तरांनी जुनं जनरल रजिस्टर कपाटातून काढलं, दिराने त्या पानाचा फोटो पाठवला, जांभळी शाई, कडा खाल्लेल्या, आणि गंगूच्या पुढे जन्मतारीख १ जून १९५२. त्या काळी शाळेत घालताना मास्तर १ जूनच लिहायचे, अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. पण पासपोर्टवरही तीच तारीख होती म्हणून निभावलं. आणि दोन प्रतिज्ञापत्रं, एक मामेसासऱ्यांचं, एक आत्तेसासूबाईंचं, की ही तीच मुलगी, आम्ही लग्नाला हजर होतो. मामेसासऱ्यांचं वय ८१, हात थरथरतो, पण नोटरीसमोर पूर्ण सही केली, अंगठा नको म्हणाले. बहिणीसाठी.

ह्याच ठिकाणी ऑफिसची चूक झाली आणि एक स्टार गेला. अर्ज मंजूर झाल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे सगळे कागद स्कॅन करून चढवायचे असतात. मधल्या काळात आमची पॅरालीगल (वकीलबाईंची कागदपत्रं बघणारी मदतनीस) बदलली, नवीन मुलीने नोंद नसल्याच्या दाखल्याची फक्त पुढची बाजू चढवली, शिक्का मागच्या बाजूला होता. कागद परत आला, सुधारून पाठवून पुन्हा तपासणीत जाईपर्यंत काही आठवडे गेले. चूक त्यांनी मान्य केली, वकीलबाईंनी स्वतः फोन केला, पण ते आठवडे आई एकट्या होत्या ना. आणि त्या काळात मेलला उत्तर यायला तीन-तीन दिवस लागायचे. त्यामुळे सगळ्यांना सांगते, चढवायच्या आधी स्कॅन स्वतः बघा, दोन्ही बाजू.

पैशाचा कागद म्हणजे आय-८६४, येणाऱ्या माणसाला सांभाळायची हमी. अर्ज मुलाचा म्हणून हा त्यालाच भरावा लागतो, त्याचं उत्पन्न कमी असलं तरी. त्याचा धंदा नवीन, पहिल्या वर्षी हातात फारसं आलं नव्हतं. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई धरून पाच माणसं, २०२५ च्या आकड्यांप्रमाणे गरिबी रेषेच्या १२५ टक्के म्हणजे ४७,०६२ डॉलर वर्षाचं उत्पन्न दाखवायला हवं होतं. मग माझा पगार जोडायचा, त्यासाठी आय-८६४ए, आणि इथे सुनेची सही लागते. वकीलबाईंनी नवऱ्याला बाजूला ठेवून मला एकटीला कॉलवर घेतलं आणि सांगितलं की ही नुसती शिफारस नाही, करार आहे. आई सिटिझन होईपर्यंत किंवा त्यांच्या नावावर ४० क्वार्टर (तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं) काम जमेपर्यंत, किंवा त्या स्टेटस सोडून कायमच्या परत जाईपर्यंत किंवा हयात असेपर्यंत तो लागू राहतो, आणि घटस्फोट झाला तरी सुटत नाही. सही करायचीच असं नाही, दुसरा जॉइंट स्पॉन्सरही शोधता येतो. मला हे असं वेगळं घेऊन सांगितलं ह्याचं फार बरं वाटलं. मी त्याच दिवशी सही केली. माझ्या दोन्ही बाळंतपणांना आई इथे सहा-सहा महिने राहिल्या होत्या, त्यांनी कुठला फॉर्म मागितला होता माझ्याकडे.

व्हिसा सेंटरची फी ३२५ आणि १२० डॉलर, नंतर कार्डासाठी २३५, म्हणजे आय-१३० चे ६२५ धरून सरकारी सगळं मिळून १,३०५ डॉलर. मेडिकल वेगळं. वकिलाचे १,८०० झाले, ठरलेली रक्कम, मधेच वाढवली नाही.

दिवाळी झाल्यावर मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. दीर बाहेर थांबला, आई एकट्या आत गेल्या. त्यांना मराठीतूनच विचारलं. मुलगा काय करतो, कोणाकडे राहणार, आणि मग तेच, दोन नावं कशी. आई म्हणाल्या लग्नात तांदळात लिहितात, माझं ह्यांनी लिहिलं. ऑफिसरने ते पत्र वाचलेलं असावं कारण पुढे काही विचारलंच नाही. आईंनी बाहेर येऊन दिराला पहिलं काय सांगितलं तर, तिला माझं जुनं नाव माहीत होतं रे.

एक तक्रार अजून. हेल्थ इन्शुरन्सबद्दल ऑफिसने एक शब्द काढला नाही. ६५ च्या पुढचे आईवडील आणत असाल तर हे लक्षात ठेवा, नवीन ग्रीन कार्डवाल्याला मेडिकेअर (६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) विकत घ्यायलासुद्धा आधी पाच वर्षं सलग इथे राहावं लागतं. तोपर्यंत मार्केटप्लेसवरचा (विमा घ्यायची सरकारी वेबसाइट) प्लॅन घ्यावा लागतो आणि आल्यापासून ६० दिवसांत घ्यायचा. आम्ही ते स्वतः शोधलं, आईंची बीपीची गोळी चालू आहे म्हणून डोक्यात आलं एवढंच. वकिलाचं ते काम नाही हे मान्य, पण एका ओळीची सूचना द्यायला काय हरकत होती.

कोणी घ्यावं हे ऑफिस? तुमच्या आईवडिलांचे सगळे कागद एका नावाचे असतील, जन्मदाखला असेल, पगार पुरेसा असेल तर खरंच गरज नाही, शांतपणे बसून स्वतः करा. नावात फरक असेल, लग्न नोंदवलेलं नसेल, किंवा कोणाच्या नावाने फाइल टाकायची इथेच गोंधळ असेल तर जा.

आईंना पाडव्याला साताऱ्याला जायचंय, घर उघडून साफ करायला, आणि सहा महिन्यांच्या आत परत यायचं हे त्यांनी स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. कधी जास्त राहावं लागलं तर री-एन्ट्री परमिटचा अर्ज इथे असतानाच करावा लागतो, त्याचे किती घेणार हे ह्याच ऑफिसला विचारलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.