गारठलेला सेल आणि खोटे बोलणारा हिरवा ठिपका

एका १८६५० सेलवर (बोटाएवढा, रिचार्ज होणारा लिथियम-आयन सेल) चालणारा, सायकलच्या हँडलला लावायचा पुढचा दिवा मी गेला संपूर्ण हिवाळा पहाटेच्या अंधारात वापरला, आणि उन्हाळ्यात त्याच्याविषयी झालेले माझे मत त्या काळात बरेच बदलले. खोक्यावर प्रखर प्रकाशासाठी दीड तास आणि मध्यम प्रकाशासाठी तीन तास असे लिहिलेले आहे. उबदार हवेत हे दोन्ही आकडे जवळजवळ खरे ठरतात. तापमान शून्याच्या आसपास उतरले, तेव्हा मात्र प्रखर प्रकाशावर हा दिवा तासाभराच्या आतच, कोणतीही पूर्वसूचना न देता, एकदम मंद झाला.

सेल खराब निघाला असे मला आधी वाटले. पण घरी आल्यावर दिवा अर्धा तास खोलीत पडून राहिला आणि सहज बटण दाबले, तर चार्जिंगला न लावताही त्याचा दर्शक ठिपका लालचा पुन्हा हिरवा झालेला होता. सेलमधली वीज संपलेली नव्हती. ती थंडीमुळे पुरेशा वेगाने बाहेर पडत नव्हती, एवढेच.

लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे जातात, आणि त्यांचा मार्ग असलेले इलेक्ट्रोलाइट हे द्रावण थंडीत दाट होत जाते. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरची रासायनिक क्रियाही मंदावते, आणि या सर्वांचा परिणाम म्हणून सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे धारेला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. समजा, हा रोध उबेत ०.१ ओहम होता आणि थंडीत तो ०.३ ओहम झाला. प्रखर प्रकाशासाठी दिवा २.५ अँपिअर धारा ओढत असेल, तर सेलच्या आतच वाया जाणारे व्होल्टेज ०.२५ वरून ०.७५ व्होल्टवर जाते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि दिव्याचे सर्किट साधारण ३ व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडते, हे लक्षात घेतले, तर त्या अर्ध्या व्होल्टची किंमत कळते. सर्किट केवळ व्होल्टेज पाहते; सेल रिकामा झाला आहे की नुसता गारठला आहे, हे त्याला ओळखता येत नाही. मंद प्रकाशावर धारा अर्धा अँपिअर असेल, तर तोच वाढलेला रोध जेमतेम ०.१५ व्होल्ट खातो, आणि म्हणूनच त्या पायरीवर हा दिवा थंडीतही जवळजवळ उबेतल्याइतकाच टिकतो. उजेड असलेल्या रस्त्यावर मी आता मंद पायरीच वापरतो आणि प्रखर प्रकाश खड्ड्यांच्या पट्ट्यापुरता राखून ठेवतो.

एका बाबतीत थंडी या दिव्याला मानवते. उन्हाळ्यात सायकल थांबवली की त्याची अ‍ॅल्युमिनियमची काया तापते आणि सर्किट आपोआप प्रकाश कमी करते. गार वाऱ्यात ही वेळ येत नाही, शिवाय एलईडी स्वतः थंडीत किंचित अधिक कार्यक्षम असतो. गंमत अशी की न तापल्यामुळे दिवा पूर्ण धारा ओढतच राहतो, आणि गारठलेल्या सेलवर तेवढाच अधिक भार टाकतो.

या दिव्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा सेल मागचे झाकण फिरवून काढता येतो. वारा सेलला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, पण त्या तापमानापर्यंत तो लवकर पोहोचवतो. त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेल्या दिव्यापेक्षा घरातून उबदार सेल घालून निघालेला दिवा स्पष्टपणे अधिक काळ चालतो. जादा सेल मी आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतो. किल्ल्यांबरोबर तो मोकळा ठेवला, तर शॉर्ट होऊन भाजण्याइतका तापू शकतो.

चार्जिंगबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. शून्याखालील तापमानात लिथियम-आयन सेल चार्ज केला, तर लिथियम ऋण इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू शकते, आणि ही हानी सेल पुन्हा उबेत आणल्याने भरून येत नाही. एकदा दिवा सायकलसह गोठवणाऱ्या शेडमध्ये राहिला आणि मी तो तिथेच चार्जिंगला लावला. त्याने निमूटपणे चार्जिंग सुरू केले. ० ते ४५ अंश ही मर्यादा माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत आहे. तापमान पाहून चार्जिंग रोखणारे सर्किट ही या दर्जाच्या दिव्याकडून फार मोठी अपेक्षा नव्हे.

सोबत आलेला मागचा लाल दिवा दोन एएए सेलवर चालतो, आणि त्याविषयी थोडक्यात सांगता येईल. साध्या अल्कलाइन सेलमधले इलेक्ट्रोलाइट पाण्यावर आधारलेले असल्याने कडक थंडीत ते फारच मलूल होतात. मी त्यांच्या जागी १.५ व्होल्टचे, एकदाच वापरायचे लिथियम सेल घातले. ते उणे ४० अंशांपर्यंत काम करतात आणि वजनालाही हलके आहेत. याच आकाराचे ३.७ व्होल्टचे रिचार्जेबल सेलही मिळतात, ते मात्र या दिव्यात घालू नयेत, कारण दुप्पट-अडीचपट व्होल्टेजवर दिवा जळण्याची शक्यता अधिक.

बाहेरून आणलेल्या गार दिव्यावर खोलीत दव धरते. या दिव्याची रबरी कडी चांगली असली, तरी तो कोरडा होईपर्यंत मी झाकण उघडत नाही.

याच कंपनीने आता सेल कायमचा आत बंद केलेला नवा प्रकार आणला आहे. तो हलका आहे आणि दिसायलाही अधिक देखणा आहे. दुकानात तो हातात घेऊन पाहिला, झाकण कुठे दिसते का ते शोधले, आणि शेवटी जुन्याच प्रकारचा आणखी एक दिवा घेऊन परतलो.