रोज रात्री तीन एमएल, की दर दोन तासांनी शू?

ज्यांच्या मुलाला दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा यूरिन इन्फेक्शन झालंय, एमसीयूत (मूत्राशयात नळीने औषध भरून काढतात त्या एक्स-रेत) रिफ्लक्स, म्हणजे शू मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाणं, निघालाय आणि डॉक्टर म्हणालेत, "वर्षभर अँटिबायोटिकचा लो डोस चालू ठेवू, नाहीतर नुसतं लक्ष ठेवू, तुम्ही ठरवा," त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमची लेक तेव्हा चार वर्षांची होती, रिफ्लक्स पाचपैकी ग्रेड दोन, म्हणजे सौम्य. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

आकडे डोसच्या बाजूने आहेत, ते आधीच कबूल करतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या रिव्हर अभ्यासात रिफ्लक्स असलेली ६०७ मुलं होती. दोन वर्षं कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक घेणाऱ्या ३०२ पैकी ३९ जणांना पुन्हा इन्फेक्शन झालं, औषध नसलेलं सिरप घेणाऱ्या ३०५ पैकी ७२ जणांना. पण आपण घाबरतो ते किडनीवरच्या व्रणांना, आणि त्यात काही फरक पडला नाही. शिवाय डोस चालू असताना ज्यांना इन्फेक्शन झालं, त्यांच्यात त्याच औषधाला दाद न देणारे ई. कोलाय जंतू कितीतरी जास्त निघाले.

आमचं मात्र ठरलं ते उशीच्या अभ्र्यावरून. लेकीचं अँटिबायोटिक होतं नायट्रोफ्युरँटोइन. ते झोपताना द्यायचं, म्हणजे ते रात्रभर मूत्राशयात टिकतं. पण पोटात अन्नही हवं, नाहीतर मळमळ. पंचवटीत आजीकडे जेवून निघालो की पोरगी सिडको येईपर्यंत स्कूटरवरच गाढ. मग उठवा, बसवा, पाजा, रडणं ऐका. माझी सातपूरला सेकंड शिफ्ट असली की हे सगळं एकट्या बायकोवर. चौथ्या महिन्यात चादर बदलताना उशीला पिवळे डाग दिसले. बाईसाहेब औषध गालात धरून ठेवायच्या आणि दिवा बंद झाला की उशीवर सोडून द्यायच्या. किती दिवस, देव जाणे! असं अर्धंमुर्धं अँटिबायोटिक न दिलेलं बरं, असं आपलं मला वाटलं. डॉक्टरांशी बोलून बंद केलं.

डोसाशिवायही सुख नाही म्हणा. पोटात शी साचली की मूत्राशयावर दाब येतो, शू पूर्ण होत नाही. म्हणून आधी बद्धकोष्ठाचं औषध, कमोडवर बसताना पायाखाली पाट, रात्री भिजवलेले मनुके. शाळेत ती दिवसभर शू दाबून ठेवायची, म्हणून बाईंना चिठ्ठी, दर दोन तासांनी शूला पाठवा. आणि ताप आला, सर्दी-खोकला काही दिसत नाही, की अँटिबायोटिकच्या आधी शूचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी. एकदा नळ सोडून, हातात निर्जंतुक डबी धरून मी चाळीस मिनिटं मोरीत बसलोय. दोन वर्षांत एकदाच इन्फेक्शन झालं, तेही पहिल्याच दिवशी पकडलं. आमच्या घराला हेच जमलं.

तान्हं बाळ असेल, ग्रेड चार-पाच असेल, तर माझं ऐकू नका, डॉक्टर म्हणतील तसं करा. आणि डोस देणारच असाल तर पाजल्यावर पोराला दोन वाक्यं बोलायला लावा, मगच दिवा बंद करा.